प्रभाग खुला होणार म्हणतात. मग मी घरी बसू का?

प्रश्न असा आला आहे: ‘गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका पंचायतीत २०२२ साली महिला राखीव प्रभागातून मी पंच, म्हणजे पंचायतीची सदस्य, झाले. मुदत २०२७ मध्ये संपते. पुढच्या खेपेला आमचा प्रभाग खुला होणार असं सगळे धरून चालले आहेत, आणि “आता दादांना उभं करूया” असं वाड्यावर बोलणं सुरू झालं आहे. दादा म्हणजे माझे मोठे दीर. घरचेही तेच म्हणतात. दुसरीकडे विधानसभेत बायकांना ३३ टक्के जागा येणार असं ऐकते. मी थांबावं का? आणि निर्णय घेण्यात बायकांना बरोबरीचा वाटा कधी मिळेल, असं तुम्हाला इतक्या वर्षांनी खरंच वाटतं का?’

ताई, थांबू नका. कारणं सांगतेच, पण आधी एक शब्द दुरुस्त करू. खुला प्रभाग म्हणजे पुरुषांचा प्रभाग नव्हे. कायद्यात खुला म्हणजे ज्याला हवं त्याने, जिला हवं तिने उभं राहावं असा. वाड्यावर मात्र त्याचा अर्थ ‘बायकांची पाळी संपली’ असा लावतात, आणि बायकाही मुकाट्याने तोच धरतात. पंच आणि सरपंच बायकांची प्रशिक्षणं घेत मी पंचवीसेक वर्षं फिरते आहे. फोंडा, डिचोली, सत्तरी, सांगे, अलीकडे धारबांदोडा. दर वर्गात एकदा तरी विचारते, ‘खुल्या प्रभागातून लढलेल्या कितीजणी?’ एखाददुसरा हात वर येतो. मग विचारते, ‘आरक्षण उठल्यावर पुन्हा उभं राहायचं कितीजणींच्या मनात होतं?’ तेव्हा बरेच हात वर येतात, अर्धवट, कोपरापासून.

माझं सगळं म्हणणं या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेत आहे. बाई पहिल्यांदा निवडून येते त्यात प्रभागाचं आरक्षण असतं, सासरचं आडनाव असतं, कधी नवऱ्याने आधीच्या पाच वर्षांत केलेली कामं असतात. ती दुसऱ्यांदा, आणि तेही खुल्यातून, निवडून आली तर ते सगळं तिचं. म्हणून ‘किती बायका निवडून आल्या’ या आकड्यावर मी फारशी भाळत नाही. परत किती आल्या ते सांगा.

तुमच्याच गेल्या काही वर्षांकडे बघा. पहिलं वर्ष कशात गेलं? एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा कसा वाचायचा, जमीन वापर बदलाची सनद म्हणजे काय, नगरनियोजन खात्याचा तांत्रिक दाखला आल्याशिवाय बांधकाम परवान्याचा विषय बैठकीत घ्यायचा की नाही, गटविकास अधिकारी नेमका कुठल्या वारी जागेवर सापडतो, यात. दुसऱ्या वर्षी कळलं की रस्त्यावरच्या दिव्यासाठी कोणाला फोन केला तर त्याच आठवड्यात माणूस येतो. तिसऱ्या वर्षी सचिव तुम्हाला विचारून विषयपत्रिका करू लागला असेल. म्हणजे तुम्ही पंचायतीच्या खऱ्या उपयोगाच्या झालात, आणि नेमकं तेव्हाच आरक्षण फिरतं. पुरुषाचा प्रभाग राखीव झाला तर तो बायकोला उभी करतो, पाच वर्षं तिच्या मागच्या खुर्चीवर बसतो आणि प्रभाग खुला झाला की परत येतो. त्याची जागा कुठे गेलेलीच नसते. बाईसाठी ती जागा कोण सांभाळून ठेवतो, मला तरी अजून भेटलेला नाही.

तामिळनाडूने यावर एक साधा उपाय केला होता. राखीव प्रभाग तिथे दर पाच वर्षांनी न फिरवता दहा वर्षं, म्हणजे दोन निवडणुका, तसाच ठेवायची तरतूद केली. पहिली मुदत शिकण्यात गेली तरी दुसरी हातात राहते. आपल्याकडे याची चर्चासुद्धा होत नाही. आपल्याकडे कोणता प्रभाग राखीव होणार हेच निवडणुकीच्या तोंडावर कळतं, आणि तोवर बाईने तयारी करायची की नाही हा प्रश्न घरातच निकालात निघालेला असतो.

आकड्यांचं थोडक्यात सांगते. ७३वी घटनादुरुस्ती १९९३च्या एप्रिलात लागू झाली. पंचायतीत बायकांच्या जागा ‘एक तृतीयांशापेक्षा कमी नाहीत’ असं तिथे लिहिलं आहे. गोव्याचा पंचायत राज कायदा १९९४चा. १९१ पंचायती, दोन जिल्हा पंचायती, त्यांच्या मिळून ५० जागा. सगळीकडे तोच तिसरा हिस्सा. सीमेपलीकडे दोडामार्गला किंवा सावंतवाडीला गेलात तर तिथे निम्म्या जागा बायकांच्या आहेत. महाराष्ट्राने ते २०११ साली केलं, कर्नाटकाने त्याच्या आगेमागे. आपण दोन्ही शेजाऱ्यांच्या मागे आहोत, आणि ‘आमच्या गोव्यात बायका फार पुढारलेल्या’ हे भाषण मात्र दर ८ मार्चला ऐकतो.

‘पेक्षा कमी नाहीत’ हे शब्द नीट लक्षात ठेवा, त्यांच्यावरून एक मोठा खटला झालेला आहे. २०२१च्या पालिका निवडणुकांच्या वेळी मडगाव, म्हापसा, मुरगाव, केपे आणि सांगे या पाच पालिकांची आरक्षणाची अधिसूचना मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केली. बायकांच्या जागांचा हिशोब कायद्यात बसत नव्हता. दहा प्रभागांचा तिसरा हिस्सा ३.३३ होतो. तीन जागा दिल्या तर त्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी, म्हणजे चारच द्याव्या लागतात. चौथीच्या मुलाला येणारं गणित, पण ते कोर्टातून सोडवून घ्यावं लागलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १२ मार्च २०२१ रोजी निकाल आला. त्यात न्यायालय आणखी पुढे गेलं: राज्य निवडणूक आयुक्ताचं पद सरकारी नोकरीत असलेल्या माणसाकडे देता येणार नाही, असं ठरलं, कारण तेव्हा गोव्यात ते पद कायदा सचिवाकडे जोडून दिलेलं होतं. प्रभागांच्या आरक्षणावरून निघालेली गोष्ट देशभरच्या निवडणूक आयुक्तांपर्यंत गेली. वर्गात हे सांगितलं की बायका ताठ बसतात.

पण कायदा खुर्चीपर्यंत आणून सोडतो. खुर्चीच्या पुढचं शिकायला मला स्वतःलाच बरीच वर्षं लागली, आणि शिकवणारी होती सत्तरीकडची एक पंच. सुरुवातीला मी प्रशिक्षणात काय शिकवायची? घटनादुरुस्तीचा इतिहास, सभाधीटपणा, माईकसमोर कसं उभं राहायचं. जेवण चांगलं असायचं, प्रमाणपत्र मिळायचं, फोटो निघायचा. ही बाई माझ्या दोन वर्गांना येऊन गेली होती. एके दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. दारात पंधरा-वीस माणसं उभी होती, बहुतेक तिच्याच वाड्यावरची. डोंगर कापून उभ्या राहणाऱ्या एका प्रकल्पाला पंचायतीने ना हरकत दाखला दिला होता, आणि ठरावाखाली तिची सही होती. तिला तो विषय बैठकीत ऐकल्याचं आठवतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी इतिवृत्ताची वही बघायला गेलो. पान डोळ्यांसमोर आहे अजून. वर तीन विषय, नीट अक्षरात, सुट्या सुट्या ओळी. मग चौथा, त्याच अक्षरात पण दाटीवाटीने, ओळी वर सरकवलेल्या, शेवटची ओळ सह्यांच्या शिरोरेघांना टेकलेली. तिची सही पानाच्या तळाशी. त्या रात्री तिला उशीर झाला होता, मुलगी एकटी घरी होती, आणि ‘बाय, हांगा सय कर, हांव मागीर बरयतां’ असं कोणीतरी म्हणालं होतं. म्हणजे सही आधी, मजकूर मागाहून. वहीवर बोट ठेवून ती मला म्हणाली, ‘तुम्ही भाषण करायला शिकवलंत. ही वही वाचायला कोणी शिकवायची?’

मला उत्तर नव्हतं. त्यानंतर माझ्या वर्गातला पहिला तास वहीचा असतो. शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारायची, मग सही, सहीखाली तारीख आणि वेळ. कोरी जागा दिसली तर तिरकी रेघ ओढायची. ठराव पटला नाही तर तोंडी कुरकुर न करता ‘माझा विरोध नोंदवा’ म्हणायचं आणि तो लिहिलेला स्वतः वाचायचा. विषयपत्रिकेत नसलेले, ‘अध्यक्षांच्या परवानगीने’ म्हणून शेवटी येणारे विषय सुरू झाले की पिशवी आवरायची नाही, उलट पेन काढायचं. मोठे निर्णय पुष्कळदा तिथेच येतात, सगळ्यांना घरी जायची घाई असताना.

खरं तर त्या टेबलावरही ते येतात ते नुसते लिहून घ्यायला. ठरतात आदल्या संध्याकाळी. तिठ्यावर, एखाद्या बारच्या मागच्या खोलीत, देवळाच्या मंडपात, फुटबॉलच्या मैदानाच्या कठड्यावर. तिथे सात पंचांतले चार पुरुष सहज भेटतात. सरपंचाची निवड पंचच आपसात करतात, त्यामुळे वर्ष-वर्ष पद वाटून घेण्याचे सौदे, अविश्वास ठरावाची जुळवाजुळव, कुणाला उपसरपंच करून गप्प बसवायचं, हे सगळं त्या कठड्यावर होतं. बाई त्या बारमध्ये जाणार नाही, आणि जावं असं मी म्हणतही नाही. पण तिची स्वतःची जागा असते, ती कामाला लावायची. महिला मंडळ, बचत गट, भजनी मंडळ, चवथीच्या फुगडीचा गट. आमदारांना या जागांची किंमत बरोबर कळते, म्हणून तर फुगडी स्पर्धांना त्यांची बक्षिसं असतात. पंच बाई मात्र तिथे ‘नाचायला’ जाते आणि पंचायतीचं काही बोलायचं नाही असा नियम स्वतःच पाळते. बैठकीच्या आदल्या दिवशी त्या गटातल्या पाचजणींना विषयपत्रिका वाचून दाखवा. दुसऱ्या दिवशी तुम्ही बोलाल ते वजनदार होतं, कारण ते पाच घरांचं बोलणं असतं.

नवऱ्यांविषयीही बोलायला हवं. ‘सरपंच पती’ हा प्रकार उत्तरेतच असतो असं आपल्याकडे समजतात. मी कितीतरी कार्यालयांत बघितलंय: सचिव फाईल टेबलावरून उचलतो, सरपंच बाईंच्या समोरून नेतो आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसलेल्या तिच्या नवऱ्याच्या हातात देतो. कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. एकदा मी सगळ्या नवऱ्यांना वर्गाबाहेर थांबायला सांगितलं. एक जण रागावला नाही, अगदी सरळपणे म्हणाला, ‘मॅडम, तिला गाडी चालवता येत नाही, म्हणून मी येतो. आलोच आहे तर बसतो.’ मी हसले, पण नंतर लक्ष ठेवलं. गोव्यात वाड्यापासून पंचायतीपर्यंत चालत जाणं सोपं नाही, आणि बसच्या वेळा तुम्हाला माहीत आहेत. ज्या पंच बाईला स्कूटर येते तिचा नवरा पंचायतीत कमी दिसतो. ती एकटी डिचोलीला गटविकास कार्यालयात जाते, वीज खात्यात जाते, तिथल्या माणसांना तिचा चेहरा कळतो, फोन तिच्या नंबरवर येतो. तुम्हाला येत नसेल तर या पावसाळ्यानंतर शिकून घ्या. मी हे गमतीने म्हणत नाही.

ग्रामसभेचं तर सगळ्यांना दिसतं आणि कोणी बोलत नाही. आपल्याकडे ग्रामसभा रविवारी भरते, बहुतेक ठिकाणी सकाळी दहा-साडेदहाला. रविवारी साडेदहाला गोव्यातली बाई कुठे असते? नुस्तं, म्हणजे मासे, आलेलं असतं, ते साफ करायचं असतं, हुमण, म्हणजे माशांची आमटी, व्हायचं असतं, ख्रिस्ती घरात मिसेहून परतून तेच. सभेत पुरुष विचारतात, ‘बायका का येत नाहीत?’ आणि एक वाजता घरी जाऊन जेवतात. एका गावात आम्ही सरपंचाला पटवून सभा दुपारी चारला घेतली. खुर्च्या कमी पडल्या. नळाच्या पाण्यावर, कचऱ्याच्या शेडवर, शाळेजवळच्या बारवर जे बोलणं झालं ते त्या गावाने आधी ऐकलं नव्हतं. पुढची सभा पुन्हा साडेदहाला. ‘चारला फार वेळ चालली’ असं कारण मिळालं.

आता विधानसभा. तुम्ही ३३ टक्क्यांचं विचारलंत, पण आज काय आहे ते आधी बघा. २०२२ साली गोव्यात ४० जागांसाठी ३०१ उमेदवार होते. त्यांत बायका २६. निवडून आल्या तीन: ताळगावातून जेनिफर मोन्सेरात, पर्येतून दिव्या राणे, शिवोलीतून डिलायला लोबो. तिघींचेही पती त्याच विधानसभेत आमदार म्हणून निवडून आले: पणजी, वाळपई, कळंगुट. त्यांच्या कामाविषयी मला इथे काही म्हणायचं नाही. दिव्या राणे यांचं मताधिक्य तर त्या निवडणुकीत राज्यात सर्वांत मोठं होतं. घराणी पुरुषांतही आहेतच, बाप-लेक आहेत, भाऊ-भाऊ आहेत. पण पुरुषांना घराण्याखेरीज दुसरीही वाट आहे. पंच, सरपंच, जिल्हा पंचायत, मग आमदार असे वर चढलेले पुरुष तुम्ही बसल्या जागी मोजाल. बाईसाठी ती शिडी पहिल्याच पायरीवर दर पाच वर्षांनी काढून घेतली जाते. मग पक्षाला तिकीट द्यायला बाई हवी असली तर ती कुठे सापडणार? एखाद्या नेत्याच्या घरात. २०२२च्या मंत्रिमंडळात एकही स्त्री नव्हती. लोकसभेचं तर विचारूच नका. १९८० साली पणजी मतदारसंघातून मगोच्या, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या, संयोगिता राणे निवडून गेल्या, त्यानंतर आजपर्यंत गोव्यातून एकही बाई लोकसभेवर गेलेली नाही. दक्षिण गोव्यातून पल्लवी धेंपे २०२४ला उभ्या राहिल्या, पडल्या. आणि मतदार यादीत? तिथे बायका पुरुषांपेक्षा जास्त आहेत, मतदानालाही जास्त जातात.

वाईट वाटतं ते यासाठी की आपली सुरुवात अशी नव्हती. १९५५ साली म्हापशाला पोर्तुगीज पोलिसांच्या देखत नॅशनल काँग्रेस गोवाच्या अधिवेशनाच्या अध्यक्षस्थानी उभ्या राहिल्या त्या सुधाताई जोशी. गोवा मुक्तीचा गुप्त रेडिओ सहा-सात वर्षं जंगलातून चालवणाऱ्या दोघांपैकी एक लिबिया लोबो सरदेसाई. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर १९७३च्या ऑगस्टमध्ये गेले आणि त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या, तेव्हा अख्ख्या देशात त्यांच्याआधी सुचेता कृपलानी आणि नंदिनी सत्पथी या दोघीच मुख्यमंत्री होऊन गेल्या होत्या. पलीकडच्या महाराष्ट्राला ते आजवर जमलेलं नाही. ताई १९७९पर्यंत त्या पदावर होत्या. त्याही कन्या म्हणूनच आल्या हे खरं, पण सहाएक वर्षं राज्य चालवणं आडनावावर होत नाही. त्यांच्यानंतर दुसरी कोणी नाही.

महिला आरक्षणाचा कायदा, म्हणजे १०६वी घटनादुरुस्ती, २०२३च्या सप्टेंबरात झाला. विधेयक पहिल्यांदा १९९६ साली संसदेत आलं होतं, म्हणजे सत्तावीस वर्षं लागली. लोकसभेत विरोधात फक्त दोन मतं पडली; ज्याला कोणी विरोध करत नाही ते इतकी वर्षं का अडतं, याचं उत्तर तुम्ही पंचायतीत शिकलाच आहात. अंमलबजावणीला जनगणना आणि तिच्या आधारे मतदारसंघांची फेररचना अशी अट त्यात घातलेली आहे. मुदत पंधरा वर्षांची. आणि भाषेतला फरक बघा: पंचायतीसाठी ‘एक तृतीयांशापेक्षा कमी नाही’, इथे ‘शक्य तितक्या जवळपास एक तृतीयांश’. म्हणजे ४०मधल्या साधारण तेरा. चौदासाठी म्हापसा-सांग्यासारखा खटला घालता येणार नाही.

तरी त्या कायद्यात मला एक गोष्ट आवडते. राखीव जागा दर निवडणुकीला न फिरवता पुढच्या फेररचनेनंतर फिरवायच्या आहेत. म्हणजे एखादी आमदार बाई त्याच मतदारसंघातून पुन्हा उभी राहू शकेल. पंचायतीत जे आपल्याला मिळत नाही ते तिथे मिळेल. पण त्या तेरा कोण असतील? तेरा मतदारसंघांतल्या तेरा आमदारांनी आपापल्या घरात बघितलं तर चित्र आजचंच राहील, फक्त तीनच्या जागी तेरा. त्यांना दुसरा पर्याय दाखवायचा तर गावागावांत दोनदा-तीनदा निवडून आलेल्या बायका असल्या पाहिजेत, ज्यांना वगळताना पक्षाला मतं जाण्याची भीती वाटेल. म्हणून तुमच्या वाड्यावरचा प्रश्न मला पर्वरीच्या, म्हणजे विधानसभेच्या, प्रश्नापेक्षा लहान वाटत नाही.

कोणी म्हणेल, गोव्यातल्या बाईला कायद्याने इतकं दिलंय, आता आणखी काय? हो, दिलंय. समान नागरी कायदा आपल्याकडे पोर्तुगिजांपासून आहे. लग्न झाल्यावर मालमत्ता निम्मी-निम्मी, मुलीला मुलाइतका वाटा, आणि घर विकायचं तर तिची सही लागते. आयकर भरतानाही घरभाड्याचं उत्पन्न नवरा-बायको अर्धं-अर्धं दाखवतात. पण गावाच्या जमिनीचा निर्णय घेणाऱ्या जुन्या संस्था बघा. कोमुनिदाद म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था; तिची जोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, परंपरेने पुरुष वंशजांकडे. देवस्थानाचे महाजन परंपरेने पुरुष. डोंगर, खाजन म्हणजे खाडीकाठची बांधाची शेतं, तळी, देवळाची जत्रा, यावर पिढ्यानपिढ्या बायकांचं मत कोणी विचारलेलं नाही, आणि पंचायतीचं टेबल त्याच सवयीने वागतं. निम्म्या घराची मालकीण असलेली बाई निवडणुकीच्या खर्चाचे पैसे नवऱ्याकडे मागते, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. राज्य सरकारच्या गृहआधार योजनेचे दीड हजार तिच्या खात्यात येतात, त्याबद्दल तिला सभेला बोलावतात, टाळ्या वाजवायला. ती योजना वाईट नाही, पुष्कळ घरांना आधार झालाय. फक्त ती योजना कोणी ठरवली त्या खोलीत ती नव्हती.

आता दादांचं. घरात भांडण करून उभं राहू नका. घरातली मतं फुटली की प्रभागातली फुटतात. पण ‘मलाही संधी द्या’ हे म्हणणं सोडू नका. आत्ताच, आरक्षण जाहीर व्हायच्या आधी, घरात विचारा: प्रभाग पुन्हा राखीव राहिला तर मी, खुला झाला तर दादा, असं का? दादांनी गेल्या पाच वर्षांत वाड्यासाठी काय केलं, मी काय केलं, दोघांची यादी करू. याद्या कागदावर आल्या की आवाज खाली येतात. सासूबाई किंवा जाऊ तुमच्या बाजूने बोलू शकत असेल तर तिच्याशी आधी बोला. दिरांशी तुम्ही थेट बोललात तर उद्धटपणा ठरतो, त्यांच्या आईने तेच म्हटलं तर सल्ला ठरतो. मला हे आवडतं असं नाही, पण घर असंच चालतं.

दुसरं, पंचायतीच्या निवडणुका पक्षाच्या चिन्हावर होत नाहीत. त्यामुळे तुम्हाला कोणाच्या तिकिटाची वाट बघायची नाही. आमदाराचा आशीर्वाद लागतो, असं सगळे म्हणतात. लागतो, पण आमदार मतं मोजतो. तुमच्या प्रभागात किती घरं, किती मतदार, मुंडकारांची, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर असलेल्यांची, घरं कुठली, बाहेरून येऊन भाड्याने राहणारे पण इथे नाव असलेले किती, कोणाच्या नळाला अजून पाणी नाही, हे एका वहीत लिहून काढा. छोट्या प्रभागात पाच-दहा मतांनी निकाल लागतात. गवडा-कुणबी किंवा धनगर वाडा तुमच्या प्रभागात येत असेल तर तिथे निवडणुकीआधी नव्हे, आत्ता जा.

आणि शेजारच्या प्रभागातली पंच बाई कोण आहे? तिचा प्रभाग राखीव होऊन तुमचा खुला झाला तर तिला त्रास नाही, तुम्हाला आहे. पुढच्या वेळी उलटं. दोघींनी एकमेकींच्या प्रचाराला जायचं आतापासून ठरवा. पुरुष पंच हे न बोलता करतात.

बरोबरीचा वाटा मिळेल का, हे तुम्ही शेवटी विचारलंत. मला जे दिसतं ते सांगते. ज्या पंचायतीत दोन बायका दुसऱ्यांदा निवडून आल्यात तिथे बैठकीची वेळ बदललेली आहे, सचिव फाईल दाराजवळच्या खुर्चीकडे नेत नाही, आणि नवीन आलेली तरुण पंच मुलगी पहिल्याच बैठकीत प्रश्न विचारते. अशा पंचायती थोड्या आहेत. मी त्यांची वेगळी यादी ठेवते आणि ती वाढली की मला झोप चांगली लागते.

तुमच्यासाठी पहिलं काम सोमवारचं. २०२२पासून ज्या बैठकांना तुम्ही हजर होतात त्या सगळ्यांच्या इतिवृत्ताच्या प्रमाणित प्रती सचिवांकडे लेखी अर्ज करून मागा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पंच आहात, प्रती मिळायलाच हव्यात. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज घाला. आल्या की रात्री जेवणं झाल्यावर बसा आणि जिथे जिथे तुम्ही विषय मांडला किंवा विरोध नोंदवला तिथे लाल पेनने खूण करा. दादांसमोर ठेवायची यादी तीच, आणि वाड्यावर घरोघरी न्यायचं पत्रकही त्यातूनच होईल. खुणा कमी निघाल्या तरी घाबरू नका, अजून बैठका आहेत आणि त्या दर पंधरवड्याला होतात.